टिपणीस बाईंचं रचनानगर

अन्याय झाला तो कुसुम टिपणीस यांच्यावर. झाला १९८३ साली, संक्रांतीनंतरच्या पहिल्या सोमवारी, मधली सुट्टी संपल्यावर. नेरूळच्या आमच्या शाळेत त्या दहावीला विज्ञान शिकवत होत्या. फळ्यावर एक वाक्य अर्धं लिहून झालं होतं. शिपाई दारात आला आणि म्हणाला, "बाई, हेडसर म्हणतात आजपासून तुमच्याकडे शिवण." बाईंनी वाक्य पूर्ण केलं, पूर्णविराम दिला, खडू डबीत ठेवला आणि शिपायाच्या मागून गेल्या. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. आम्हाला कुणी काही विचारलं नाही, बाईंना तर नाहीच.

मी त्या वर्गात होते. आता मी पत्रकं लिहिते आणि वाशीच्या बस डेपोसमोर वाटते. पत्रकात मागणी मावते, माणूस मावत नाही. म्हणून हे जरा लांब होणार आहे.

बाईंचं चरित्र मला माहीत नाही. त्या दादरहून इकडे कधी आल्या, यजमान काय करत, हे विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. मला माहीत आहे ती त्यांची हिरवी नायलॉनची पिशवी. सकाळी शाळेत येताना त्या सारसोळे या खाडीकाठच्या जुन्या गावाच्या रस्त्याने यायच्या आणि पिशवीत मासे असायचे. पहिल्या तासाला मासा टेबलावर. ब्लेडने पोट उघडायचं, हृदय, यकृत, कल्ले दाखवायचे, प्रत्येकाने जवळ येऊन बघायचं. मग बाई तो मासा धुऊन डब्यात ठेवायच्या आणि संध्याकाळी घरी त्याचं कालवण व्हायचं. शाकाहारी मुलांसाठी खिडकीजवळचा बाक राखून ठेवला होता. त्यांना भेंडी कापायला मिळायची. आकृती मात्र दोन्हींची काढावी लागायची, कारण बाईंच्या मते परीक्षकाला तुमचं जेवण माहीत नसतं.

आवाज कधी चढला नाही. मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला वळवलेलं, त्यामुळे वेळ बघताना त्या स्वतःची नाडी बघत आहेत असं वाटायचं. कुणी चुकीचं उत्तर दिलं तर "चूक" म्हणत नसत. "पुढे?" म्हणत. चुकीचं उत्तर घेऊन पुढे जायला लागलं की दोन वाक्यांत आपलं आपल्याला कळायचं. बरोबर उत्तरालाही "पुढे?" असायचं, त्यामुळे हुशार मुलांचाही फार फायदा नव्हता.

आणि फळ्याचा उजवा कोपरा. तिथे खडूने चौकोन आखलेला आणि वर लिहिलेलं: माहीत नाही. एखाद्याने विचारलेला प्रश्न बाईंना आला नाही की तो त्या चौकोनात जायचा. मॉनिटरने बाकीचा फळा पुसायचा, तो कोपरा नाही. इतर शिक्षकांना ते फार खटकायचं. भूगोलाचे सर एकदा म्हणाले, "बाई, मुलांसमोर आपलं अज्ञान कशाला टांगून ठेवता?" बाई म्हणाल्या, "जागा अपुरी पडते हो, नाहीतर अजून लिहिलं असतं."

सारसोळ्याच्या ठमाबाई भोईर रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसायच्या. त्यांची भारती आमच्याच वर्गात. एकदा मी भारतीबरोबर होते आणि बाई निवटी निवडत होत्या. ज्यांना निवटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: खाडीच्या चिखलात राहणारा बोटभर मासा. ओहोटी लागली की बाकीचे मासे पाण्याबरोबर जातात, ही बाहेर चिखलावर येऊन बसते, परांवर रेलून सरकते, उड्या मारते, आणि डोळे डोक्यावर ठेवल्यासारखे वर काढून तुमच्याकडे बघते.

"बाय, खायला नेतेस का शालेत दावायला?" ठमाबाईंनी विचारलं.

"आधी दाखवायला, मग खायला."

"मंग ही नको नेऊ. ही लय उड्या मारते. पोरा धड्यात बघतील का हिच्यामागं धावतील?"

"तीच दे."

"दिली. पर आमच्या भारतीला सांग, शालेत जाऊन निवटी शिकायची आसंल तर घरी पाटीभर हायेत. इथं बस म्हनावं माझ्याशेजारी."

"अगं आई," भारती म्हणाली.

"काय आई? तुज्या बाईला इचार, हिला चिखलात कुनी धाडली ती."

"तेच शिकवणार आहे," बाई म्हणाल्या.

"देवानं धाडली. झाला शिकवून. घे पिशवीत." ठमाबाईंनी निवटी पिशवीत टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. त्यांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही आणि बाईंनीही ते बदलायचा प्रयत्न केला नाही. दोघींचं छान जमायचं.

वर्गात बाईंनी ट्रेमध्ये चिखलाचा उतार केला, खाली पाणी घातलं आणि निवटी सोडली. ती पाण्यातून बाहेर आली, उतारावर बसली आणि वर्गाकडे बघू लागली. बाई म्हणाल्या, "ही आपली पणजी नव्हे. कुणी घरी जाऊन बाईंनी पणजी म्हटलं असं सांगितलं तर मी नाही म्हणेन. ही फार लांबची भावकी. पण पाणी सोडून बाहेर यायचं म्हटलं तर माशाला काय काय अडचणी येतात आणि तो कशा कशा भागवतो, ते हिच्याकडे बघून लिहा." आम्ही तासभर लिहीत होतो. उत्क्रांतीचा धडा पुस्तकात पुढे होता, ही त्याची तयारी होती. धडा आम्ही पावसाळ्यानंतर घेणार होतो.

पावसाळ्यानंतर दिवेकर साहेब अमेरिकेहून आले.

दिवेकर साहेब आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. त्याआधी निवृत्त होईपर्यंत हे शहर वसवणाऱ्या कचेरीत इंजिनियर. आपल्या घराखालून गेलेलं गटार आखताना त्यांचा हात होता, असं आमचे वडील आदराने सांगायचे. तो आदर खोटा नव्हता. मुलाकडे अमेरिकेत उन्हाळा काढून ते परत आले ते एक नवा विचार आणि स्लाइडची पेटी घेऊन. हॉलमध्ये पडदे ओढून त्यांनी आम्हाला घड्याळ दाखवलं, पूल दाखवला, माणसाचा डोळा दाखवला. म्हणाले, "मुलांनो, घड्याळ आपोआप होत नाही. पूल आपोआप होत नाही. मी या जागेवर उभा राहिलो तेव्हा इथे गुडघाभर चिखल होता. कुणीतरी आखलं म्हणून सेक्टर झाला. मग हा डोळा आखल्याशिवाय होईल? सृष्टीमागे एक बुद्धिमान रचनाकार आहे. तिकडे अमेरिकेत मोठे मोठे लोक हेच म्हणतायत, आणि आपण अजून माकडं शिकवतोय."

टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतले पालकही टाळ्या वाजवत होते. स्वाभाविकच होतं. आमच्या वसाहतीत रस्ता, दुकान, झाड, बाक, सगळंच कुणीतरी आखलेलं होतं. न आखलेली गोष्ट आम्ही फारशी बघितलेलीच नव्हती.

बाई उठल्या. "एक शंका होती साहेब. सारसोळे कुणी आखलं?"

"ते आधीपासूनच होतं ना."

"पुढे?" बाई म्हणाल्या.

साहेबांना सवय नव्हती. "पुढे म्हणजे? नकाशात आम्ही गावांभोवती रेघ मारली आणि बाकीचं आखलं."

"म्हणजे न आखताही गाव होतं. करावे झालं, बोनकोडे झालं. घर वाढत गेलं तसं वाढत गेलं."

"म्हणून तिथले रस्ते बघा कसे आहेत," साहेब म्हणाले आणि हॉल हसला. भारती भोईर हसली नाही.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी बाईंना बोलावलं. हेडसर वाईट माणूस नव्हते. सगळ्यांचं ऐकायचे आणि त्यातल्या शेवटच्या माणसाचं करायचे. ते म्हणाले, "तो धडा यंदा नको. त्याऐवजी साहेबांची व्याख्यानं धरू. रचनेच्या दृष्टीने शिकवा."

"पेपरात आला तर?"

"ऑप्शनला टाकायला सांगा मुलांना."

हे मी रागाने लिहिते आहे आणि जसं घडलं तसंच लिहिते आहे. पृथ्वीवर जीव कसा झाला हा प्रश्न आमच्या शाळेने ऑप्शनला टाकला.

बाईंनी आज्ञा पाळली. मी तरी आजवर कुणाला आज्ञा इतकी काटेकोर पाळताना बघितलेलं नाही. त्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "आजपासून समजा की आपला समाज रचना मानतो. प्रत्येक जीव जसा आहे तसा आखून, पुरा करून ठेवलेला आहे. बदललेला नाही, बदलणार नाही. हे पोकळ नको. त्या समाजात दवाखाना कसा चालेल, शेती कशी होईल, शाळा कशी भरेल, सगळं बसवायचं. चेष्टा करायची नाही. चेष्टा केलेली मला चालणार नाही."

मग डस्टर घेतलं आणि उजवा कोपरा पुसला.

"बाई, तो का पुसला?" कुणीतरी विचारलं.

"रचना मानणाऱ्या समाजात लागत नाही. उत्तर आलेलं आहे."

बाईंनी हात झटकले आणि हजेरी घेतली.

त्या समाजाचं नाव रचनानगर. दोन महिने आम्ही ते वसवत होतो. पहिली अडचण डासांची आली. तेव्हा आमच्याकडे हिवतापाने घरटी एक तरी माणूस झोपलेला असायचा आणि फवारणीवाला डीडीटी मारून जायचा. डास ओल्या भिंतीवर बसून असायचे. बाईंनी फवारणीवाल्याला वर्गाच्या दारात थांबवून विचारलं, "मरतात का हो?"

"पहिले मरायचे. आता यांना काय होत नाय बाई. ऑर्डर तीच हाय, म्हणून मारतो."

"रचनानगरात याचं काय करायचं?" बाईंनी आम्हाला विचारलं. "पूर्वी मरत होते, आता मरत नाहीत. आणि डास तर बदललेला नाही."

प्रमोद म्हणाला, "पावडर बदलली असेल. भेसळ."

"पुढे?"

"नवीन डबा आणून बघायचा."

"आणला. तरी मरत नाहीत. पुढे?"

प्रमोदने बराच विचार केला. "मग बाई, तक्रार करायला पाहिजे."

"कुणाकडे?"

"ज्याने रचना केली त्याच्याकडे. काउंटर असेल ना."

प्रमोदचे वडील घरं वाटणाऱ्या कचेरीत क्लार्क होते आणि आम्हा सगळ्यांच्या घरांची छपरं गळत होती. आखलेल्या वस्तूत दोष निघाला की काउंटरवर जायचं असतं, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. त्यामुळे रचनानगरात सगळ्यात मोठी इमारत आपोआपच तक्रार केंद्राची झाली. अक्कलदाढेला जबड्यात जागा का ठेवली नाही, त्याचा एक काउंटर. अन्नाची आणि श्वासाची वाट एकमेकींना छेद देऊन का नेली, माणसं ठसका लागून मरतात, त्याचा दुसरा. कंबरदुखीच्या काउंटरला रांग सगळ्यात मोठी. तक्रार नोंदवून घ्यायची आणि वर शिक्का मारायचा: रचनेनुसार आहे.

आम्ही हसलो की बाई रागवायच्या. "हसू नका. तुमच्या समाजातली माणसं आजारी आहेत."

दवाखान्यात नवं औषध शोधायची खोली काढावी की नको यावर तास गेला. शेवटी भारतीच म्हणाली, "काढून काय करनार बाई? रोगाचा जंतू बदलतच नाय म्हटल्यावर जुनं औषध चाललंच पाहिजे. नाय चाललं तर पेशंटची चूक." बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच "पुढे?" म्हटलं नाही.

गंमत अशी की धडा वर्गात झालाच नाही, तरी आमच्यातल्या प्रत्येकाने तो घरी वाचला. रचनानगरात काय काय चालणार नाही हे ठरवायला तो सारखा उघडावा लागायचा.

नाताळच्या सुमाराला शाळेचं विज्ञान प्रदर्शन झालं. आम्ही पुठ्ठ्याचं रचनानगर मांडलं. सेक्टर, रस्ते, तक्रार केंद्र. शेजारी ट्रे, त्यात चिखलाचा उतार, पाणी आणि जिवंत निवटी. पाटी: "हा मासा पाण्यात राहतो. बाहेर दिसल्यास त्याकडे पाहू नये." डासांच्या वसाहतीवर: "येथील डास पूर्वीचेच आहेत. फवारणी चालू."

उद्घाटनाला दिवेकर साहेब. ते आमच्या टेबलापाशी बराच वेळ थांबले. त्यांनी रस्त्यांची रुंदी बघितली, गटाराचा उतार बोटाने तपासला. तक्रार केंद्रावरचा शिक्का वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "रचनेनुसार आहे. वा. मी आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो, नकाशानुसार आहे. लोक ऐकत नाहीत. मुलांना मात्र समजलं." मग बाईंकडे वळून म्हणाले, "टिपणीस बाई, मी तुम्हाला ओळखलं नव्हतं."

"चालायचंच," बाई म्हणाल्या.

पहिलं बक्षीस आम्हाला. वर साहेबांचा हुकूम, रचनानगर हॉलमध्ये कायम ठेवायचं. ते राहिलंही, संक्रांतीपर्यंत. पण हॉलमध्ये पालक येतात. पाट्या वाचतात. पालक साहेबांइतके हुशार नव्हते, त्यामुळे त्यांना लगेच कळलं. वसाहतीत कुणाच्या घरात नळ गळला तरी माणसं एकमेकांना "रचनेनुसार आहे" म्हणू लागली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक बाई तिळगूळ घेता घेता दिवेकर वहिनींना म्हणाल्या, "वहिनी, माझे गुडघे धरलेत हो. तुमच्या यांच्याकडे काउंटर कितवा?"

साहेबांना ते घरी कळलं. शनिवारी त्यांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. हेडसर होते, पालकांचे दोन प्रतिनिधी होते, आणि देखावा आमच्या वर्गाचा म्हणून दाराशी प्रमोद, भारती आणि मी उभे होतो.

साहेब चिडलेले नव्हते, दुखावलेले होते. ते जास्त वाईट. म्हणाले, "बाई, मला मोठं करायचं नाही हे प्रकरण. सोमवारी प्रार्थनेनंतर मुलांसमोर एवढंच सांगा की रचनानगर हे रचनेचा गौरव म्हणून केलं होतं. विषय संपला. दहावीही तुमच्याकडेच राहील."

बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला आवडलं तेव्हा ते जसं होतं तसंच आहे. एक पुठ्ठाही हलवलेला नाही."

"म्हणजे तुम्ही चेष्टा केलीत."

"नाही हो. मुलांना मी चेष्टेला सक्त मनाई केली होती. विचारा त्यांना. तुमची कल्पना खरी धरून चाललो आणि जिथे पोचलो ते मांडलं."

"तुम्ही देव मानता की नाही?"

"गुरुवार करते. त्याचा निवटीशी संबंध लावलेला नाही."

एक पालक हसले आणि लगेच खोकले. हेडसर पुढे झुकून हळूच म्हणाले, "बाई, एका वाक्याचा प्रश्न आहे. मुलांची बोर्डाची परीक्षा आहे. त्यांच्यासाठी तरी."

बाईंनी आमच्याकडे बघितलं. त्या क्षणी त्यांना काय वाटत होतं ते मला माहीत नाही आणि मी बनवून लिहिणार नाही. त्या म्हणाल्या, "त्यांच्यासमोरच तर बोलायचं आहे ना. तेवढंच नाही जमणार."

सोमवारी प्रार्थनेनंतर बाई काही बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीनंतर शिपाई आला.

धड्यावर बंदी कुणीही घातलेली नाही. मी विचारून आले आहे. बंदी घालायची तर लेखी काढावी लागते, सही लागते, मग आमच्यासारखे लोक ती घेऊन वर्तमानपत्राकडे जातात. आमच्या शाळेला त्याची गरज पडली नाही. साहेब गेल्या वर्षी वारले, त्यांच्या जागी आलेल्यांना रचना आणि उत्क्रांती यांतलं काहीच माहीत नाही. तरी दहावीचं विज्ञान बाईंना परत दिलेलं नाही, कारण ते कधीपासून दुसऱ्यांकडे आहे.

यंदा दिवाळीनंतर मी शाळेत गेले होते. शिवणाचा वर्ग आता दहावीला लागून आहे, मध्ये लाकडी पार्टिशन. बाई एका मुलीला काज करायला शिकवत होत्या. चष्मा आलाय, केस पांढरे झालेत. मी दारात उभी होते, त्यांनी मानेनेच थांब म्हटलं. मशिनं चालू होती. पलीकडे विज्ञानाचा तास चालला होता. सरांनी धड्याचं नाव वाचलेलं इकडे ऐकू आलं, आणि बाईंनी हात वर केला. सगळी मशिनं थांबली. मुलींना काही सांगावं लागलं नाही, म्हणजे हे दरवर्षी होत असणार.

पलीकडून एका मुलाने विचारलं, "सर, मग आधी कोण होतं?"

सर म्हणाले, "हा धडा घरी आपला आपण वाचून घ्या. पान उलटा."

पानं उलटल्याचा आवाज आला. बाई पार्टिशनकडे बघत राहिल्या, तो मुलगा पुन्हा विचारतो का याची वाट बघितल्यासारख्या. त्याने विचारलं नाही. मग त्या म्हणाल्या, "हं, चालवा," आणि मशिनं सुरू झाली.

बाईंच्या नोकरीचं एकच वर्ष उरलं आहे. जूनमध्ये शाळा उघडेल. तुम्ही नेरूळला राहता, तुमचं मूल त्या शाळेत आहे किंवा जाणार आहे. शाळा उघडायच्या आत हेडसरांच्या ऑफिसात जा. अर्ज नेऊ नका, अर्ज ते ठेवून घेतात. समोर बसा आणि तोंडाने मागा: दहावीचं विज्ञान टिपणीस बाईंना द्या आणि तो धडा वर्गात शिकवा. ते म्हणतील, बघू. तुम्ही खुर्चीवरून उठू नका.